गाढवाचा दात

मोसबाहला कशाचीच भीती वाटत नाही, अशी वाळवंटातल्या आमच्या गावात सगळ्यांची खात्री होती. ती असणारच. वीस मीटर उंच खजुरावर हा माणूस अनवाणी चढतो, दोर न लावता, बुंध्यात कोरलेल्या खाचांत पायाची बोटं रोवत. चढताना तो मोठ्यानं खाचा मोजतो. त्याच्या बागेतल्या सगळ्यात उंच झाडाला एकतीस खाचा आहेत आणि एकतिसावी आली की खाली उभी असलेली माणसं आपोआप श्वास सोडतात.

वर शेंडा तासून त्यानं गाभ्याला चीर दिलेली असते. चिरेत बोरूची नळी, नळीखाली मडकं. रात्रभरात त्यात गोड रस उतरतो. आम्ही त्याला लगमी म्हणतो. खजुराची नीराच ती. उजाडता उजाडता प्याली तर साखर फिकी वाटावी, आणि दुपार टळली की तिची ताडी होते आणि तिची गिऱ्हाइकंही बदलतात. या धंद्यात नुसतं धाडस असून भागत नाही. दिवसातून दोनदा चिरेचा पातळ पापुद्रा काढून ती ताजी करावी लागते. मडकी रोज गरम पाण्यानं आणि राखेनं घासावी लागतात, कारण कालचा एक थेंब राहिला तरी आजची नीरा नासते. चिरेत घाण साचली तर कूज हळूहळू खाली उतरते, गाभ्यापर्यंत पोचते आणि झाड उभ्या उभ्या मरतं. मोसबाहच्या हातून जन्मात एकच झाड असं गेलं. तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता.

अशा माणसाला आपल्या तोंडातली मडकी मात्र कधी दिसली नाहीत. दाढ दुखली की तो लवंग धरायचा आणि गप्प बसायचा. दाताच्या डॉक्टरचं कुणी नाव काढलं की हा चपला पायात घालून चालता व्हायचा. लोक हसायचे. मोसबाहही हसायचा, पण ओठ मिटून.

त्यामागचं कारण त्यानं बायकोला, तुर्कीयालासुद्धा धड सांगितलं नव्हतं. तो नऊ वर्षांचा असताना त्याचा धाकटा भाऊ अमारा सहा वर्षांचा होता. अमाराचा गाल सुजला. सूज इतकी वाढली की कातडी चकाकायला लागली आणि एक डोळा मिटून गेला. गुरुवारच्या बाजारात बापानं त्याला न्हाव्यासमोर बसवलं, कारण तेव्हा दात काढायचं काम न्हावीच करायचा. मोसबाहला सांगितलं, पाय धर. त्यानं धरले. पक्कड आत गेली, दाढ बाहेर आली, आणि तिसऱ्या दिवशी अमारा गेला. बायका म्हणाल्या, नजर लागली. नऊ वर्षांच्या मोसबाहनं मात्र लोखंड तोंडात जाताना डोळ्यांनी पाहिलं होतं. पकडीनं भावाला मारलं आणि त्याचे पाय आपण धरले होते, ही गाठ त्याच्या मनात बसली ती चाळीस वर्षं सुटली नाही.

लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर त्याला मुलगी झाली, सोंदुस. आता ती पाच वर्षांची आहे. तळहातावरच्या फोडासारखं जपलं त्यानं तिला, आणि त्या जपण्यातच सगळी चूक झाली. झाडावरून उतरल्यावर पहिला पेला सोंदुसचा, मग गिऱ्हाइकांचा. तान्ही होती तेव्हा हीच नीरा बाटलीत भरून तो तिच्या तोंडात द्यायचा. चोखता चोखता पोर झोपी जायची आणि बाटली तशीच ओठांत राहायची. नीरा नसायची त्या महिन्यांत खजुराचा पाक पाण्यात कालवून द्यायचा. गावातले म्हातारे कौतुक करायचे की बाप असावा तर असा.

सोंदुसचे पुढचे दात तिसऱ्या वर्षीच तपकिरी झाले, मग कडेनं झिजले. तुर्कीया काळजी करायला लागली तेव्हा मोसबाह म्हणाला, आपल्या विहिरींचं पाणीच तसं, सगळ्या गावाचे दात पिवळे आहेत. ते खरंही होतं. आणि दुसरं म्हणाला, हे काय ठेवायचे दात आहेत? आमच्याकडे मुलाचा दुधाचा दात पडला की मूल तो सूर्याकडे फेकतं आणि सूर्याला सांगतं की हा गाढवाचा दात तू घे आणि मला हरणाचा दे. प्रत्येक घरात हे होतं. त्यामुळे दुधाचे दात ते गाढवाचे, आणि जाणाऱ्या गाढवाला खरारा कोण करतो, असा हिशेब गावातल्या निम्म्या आईबापांच्या डोक्यात पक्का आहे. मोसबाहच्या तर होताच.

हिवाळ्यात बालवाडीत दाताचे डॉक्टर तपासणीला येऊन गेले. दुपारी फाटकाशी बाईंनी मोसबाहच्या हातात चिठ्ठी दिली. तीन दाढा किडल्या आहेत, खालची डावी फार खोल गेली आहे, लवकरात लवकर शहरातल्या दवाखान्यात आणा. बाईंनी ती वाचूनही दाखवली.  मोसबाह म्हणाला, "गाढवाचा दात आहे बाई, आपला आपण जाईल." मग त्यानं चिठ्ठीची बारीक घडी केली आणि आपल्या लाल टोपीच्या अस्तरात सारली. घरी काही बोलला नाही. चार महिने ती चिठ्ठी डोक्यावर घेऊन तो एकतीस खाचा चढला आणि उतरला.

वसंतात सोंदुस एकाच बाजूनं चावायला लागली. गार पाणी लागलं की कळवळायची. तुर्कीयानं लवंग ठेचून लावली. पंधरा दिवस हे चाललं, आणि मग दुखणं एकाएकी थांबलं. नवरा-बायकोनं सुटकेचा श्वास टाकला. मोसबाह तर त्या दिवशी खुशीनं गाणं म्हणत झाडावर चढला. दाढेतली नसच मेली होती म्हणून दुखायचं थांबलं, हे त्याला कोण सांगणार?

मे महिन्यातल्या एका सकाळी तो पेला घेऊन आला तर सोंदुसनं मान फिरवली. असं कधी झालं नव्हतं. त्यानं हनुवटी धरून तिचा चेहरा आपल्याकडे वळवला आणि त्याच्या हातातली नीरा पायावर सांडली. डावा गाल सुजला होता. फार नाही, कुणी तोंडात खजूर धरून ठेवावा एवढाच. पण मोसबाहला गाल दिसलाच नाही, अमारा दिसला.

तुर्कीयानं तिच्या आईनं शिकवलेलं केलं. कोंडा तव्यावर गरम करून फडक्यात बांधला आणि गाल शेकला. तासातासानं शेकला. शेकानं गळू पिकतं, फुटतं, मोकळं होतं, असं आम्ही सगळेच मानत आलो. दुपारपर्यंत सूज डोळ्याखाली पोचली. पोरीचं अंग तापलं. ती रडत नव्हती, आणि न रडणारी सोंदुस या घरानं कधी पाहिली नव्हती. तुर्कीया म्हणाली, "अरे माणसा, शहरात नेऊ या. मला हे बरं दिसत नाही." मोसबाह म्हणाला, दुसरी चीर देऊन येतो, मग बघू. घरातून बाहेर पडायला त्याला काहीतरी निमित्त हवं होतं.

तो झाडाशी गेला. एक, दोन, तीन असं मोजायला लागला. अकराव्या खाचेवर त्याचं मोजणं थांबलं. त्यानं बुंध्याला मिठी मारली आणि डोळे मिटले. आयुष्यात पहिल्यांदा त्याला उंचीची भीती वाटली, आणि ती उंचीची नाही हेही त्याला कळत होतं. शहरात नेलं तर ते पक्कड घालतील आणि पोर तिसऱ्या दिवशी जाईल. नाही नेलं तर? तिथे त्याचा विचार अडत होता. अकराव्या खाचेवरून तो खाली उतरला. त्या दिवशी चीर कोरडीच राहिली.

घरी येऊन त्यानं टोपी काढली, अस्तर उसवलं आणि घामानं मऊ झालेली चिठ्ठी बायकोच्या हातात दिली. तुर्कीयाला वाचता येतं. तिनं तारीख वाचली, मग पुन्हा वाचली. ओरडली नाही. म्हणाली, "चार महिने डोक्यावर घेऊन फिरलास, आणि डोक्यात एकदाही शिरलं नाही?"  तिनं सोंदुसला चादरीत गुंडाळलं आणि शेजारच्या खमीसला त्याची पिकअप काढायला सांगायला ती स्वतःच गेली.

शहर चाळीस किलोमीटर. मध्ये मिठागराचं सपाट रान, त्यातून सरळ रस्ता. सोंदुस आईच्या मांडीवर, मोसबाह कडेला. तो सारखा तिच्या डोळ्याकडे बघत होता. निघताना डोळा अर्धा उघडा होता. निम्म्या वाटेवर पापणीची नुसती रेघ उरली. खमीस बिचारा धीर द्यायला काहीबाही बोलत होता, त्याच्या मेहुण्याच्या मुलाला पण असंच झालं होतं म्हणे. मग त्या मुलाचं पुढं काय झालं हे त्याला आठवलं असावं, कारण तो मध्येच गप्प झाला. मोसबाह इतका घाबरला होता की त्याला तहान लागल्याचंही कळलं नाही.

दवाखान्यात दाताच्या डॉक्टर होत्या नझीहा. तिशीची बाई, चष्मा, आवाज हळू. त्यांनी सोंदुसला बघितलं आणि सगळ्यात आधी शेक बंद करायला सांगितला, कारण उबेनं पू पसरतो. मग सलाइन लावलं, त्यातून औषध सुरू केलं, आणि म्हणाल्या, दाढ आताच काढावी लागेल, पू बाहेर यायला वाट हवी.

मोसबाह दारात आडवा उभा राहिला.

"नाही," तो म्हणाला. "औषध द्या, सुई द्या, काय हवं ते द्या. लोखंड तिच्या तोंडात जाणार नाही. माझा भाऊ अमारा त्यानंच मेला."

नर्स चिडली. नझीहा चिडल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढले आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. "काका, मला भावाचं सांगा. सूज आल्यापासून न्हाव्याकडे नेईपर्यंत किती दिवस गेले?"

असा प्रश्न त्याला चाळीस वर्षांत कुणी विचारला नव्हता, त्यानंही स्वतःला विचारला नव्हता. तो आठवायला लागला. ज्या गुरुवारी दाढ काढली त्याच्या आधीचा गुरुवार आठवला. त्या दिवशीही बाप बाजाराला निघाला होता. अमाराचा गाल आदल्या दिवसापासून सुजलेला होता आणि आई म्हणत होती, पोराला न्हाव्याला दाखवा. बाप खोगीर आवळत होता. बापाचा आवाज त्याला स्पष्ट ऐकू आला. गाढवाचा दात आहे, आपला आपण जाईल.

 बालवाडीच्या फाटकाशी मोसबाह जे बोलला होता ते शब्दन्‌शब्द हेच होतं.

"आठ दिवस," तो म्हणाला.

"मग पक्कड उशिरा आली, काका. तोवर पू गळ्याकडे उतरला असणार. लोखंड तिथे आठ दिवस आधी जायला हवं होतं."

"आणि हिचं?"

"हिचं आज सुरू झालंय. म्हणून म्हणते आताच." मग त्या म्हणाल्या, "वचन देत नाही. पण वाट बघितली तर मी काहीच सांगू शकणार नाही."

खोटा दिलासा त्यांनी दिला नाही आणि त्यामुळेच मोसबाहला त्यांचं पटलं. झाडाखाली उभं राहून "काही होत नाही रे" म्हणणाऱ्यांवर त्याचा कधीच विश्वास नव्हता. तो दारातून बाजूला झाला. नर्स म्हणाली, मुलीला कुणीतरी धरायला हवं. तुर्कीया पुढे आली, पण मोसबाह म्हणाला, "मी धरतो."

पुन्हा तेच काम त्याच्या वाट्याला आलं होतं. फरक इतकाच की या वेळी त्यानं पाय धरले नाहीत. खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसून त्यानं आपला अंगठा सोंदुसच्या मुठीत दिला. तिचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडत होतं. सुई बघून तिच्या उघड्या डोळ्यात जे आलं ते त्याला सहन होईना, पण त्यानं नजर हलवली नाही.

"आपण मोठ्या झाडावर चढतोय," तो तिला म्हणाला. "खाली बघायचं नाही. मी मोजतो, तू प्रत्येक खाचेला अंगठा दाब."

एक. तिनं दाबला. दोन. सुई गेली तेव्हा तिनं इतक्या जोरात दाबला की त्याचं नख पांढरं पडलं. तो मोजत राहिला, झाडावर मोजतो तसा, सावकाश. बधिर व्हायला डॉक्टरांनी वेळ दिला, तेवढा वेळ तो नवव्या खाचेवर थांबून तिच्याशी वरच्या वाऱ्याबद्दल बोलला. एकोणिसाव्या खाचेला दाढ निघाली. मागोमाग पू आला आणि त्याचा वास खोलीभर पसरला. मोसबाहनं तो वास ओळखला. त्याच्या हातून मेलेलं ते एक झाड तोडलं तेव्हा गाभ्यातून हाच वास आला होता. तरी तो मोजायचा थांबला नाही. झाडाच्या मध्यावर कुणी हात सोडत नसतं. एकतिसाव्या खाचेपर्यंत तो पोचला आणि मग जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडला. सोंदुस त्याच्याकडे बघत होती. त्याचा अंगठा तिनं सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सूज उतरली नाही. डॉक्टर म्हणाल्या, इतक्या लवकर उतरत नाही. मोसबाहला ते ऐकू आलं, पण त्याच्या डोक्यात तिसरा दिवस घुमत होता. तिसऱ्या दिवशी सकाळपासून त्यानं पाण्याचा घोट घेतला नाही, सोंदुसच्या छातीचं वरखाली होणं नुसतं बघत बसला. तुर्कीयानं चहा आणला तर तो म्हणाला, ठेव. चहा गार झाला. दहाच्या सुमाराला सोंदुसनं कूस बदलली, डावी पापणी हलली आणि दोरीएवढी फट उघडली.

"बाबा, तुझी टोपी कुठंय?" तिनं विचारलं.

टोपी घरीच राहिली होती, उसवलेली.

निघण्याआधी नझीहांनी उरलेल्या दोन किडलेल्या दाढांपैकी एक भरली, दुसरीवर टोपण बसवलं आणि बाकीच्या दातांना औषधाचा लेप लावला. मग नवराबायकोला समोर बसवून सांगितलं. नीरा, पाक, गोड चहा दिवसभर घोट घोट द्यायचा नाही. द्यायचाच तर जेवणाबरोबर थोडा, आणि वर पाणी. झोपताना दात घासून झाल्यावर फक्त पाणी. ब्रश सकाळी आणि झोपताना, आणि तो आईबापानं धरायचा, कारण सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला ते नीट जमत नाही. सहा महिन्यांनी दाखवायला आणायचं, दुखो न दुखो. मोसबाह मान डोलावत होता. मध्येच म्हणाला, "म्हणजे मडक्यासारखं. रोजचं रोज." डॉक्टरांना ते कळलं नाही, तुर्कीयाला कळलं. तिनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं मान खाली घातली.

मग त्यानं विचारलं, तिला तिथे नवा दात येईल ना? नझीहा म्हणाल्या, येईल, नववं-दहावं वर्ष लागेल. नवा दात जुन्याच्या मुळांखालीच असतो, त्यामुळे या पुवाचा डाग त्याच्यावर पडला आहे की नाही, ते तो आल्यावरच कळेल.

म्हणजे अजून चार-पाच वर्षं. मोसबाहची भीती तिथे संपली नाही, तिला फक्त मुदत मिळाली.

घरी आल्यावर दोन दिवसांनी सोंदुसला आठवण झाली. डॉक्टरांनी दाढ धुऊन कागदात बांधून दिली होती. तिला ती सूर्याकडे फेकायची होती. दोघं गच्चीवर गेली. सकाळ होती, समोर खजुरांचे शेंडे आणि त्यांच्यावर नुकताच आलेला सूर्य. तिनं दाढ मुठीत धरली आणि बापाला म्हणाली, तू आधी म्हण, मग मी म्हणते. मुलांना तसंच शिकवतात, मोठ्यांच्या मागून.

मोसबाहनं तोंड उघडलं, पण ते शब्द त्याला म्हणता येईनात.

"हा गाढवाचा नव्हता गं," तो म्हणाला. "तुझाच होता."

सोंदुस विचारात पडली. दवाखान्यात सगळ्यांना वाटत होतं ती गुंगीत आहे, पण पोरं सगळं ऐकत असतात.

"बाबा, अमाराकाकाला सूर्यानं हरणाचा दात दिला का?"

खाली अंगणात तुर्कीया मडकी घासत होती. राखेचा खरखर आवाज वर येत होता आणि मध्येच थांबला.

"नाही," मोसबाह म्हणाला. "तोवर तो राहिला नाही."

तिनं मुठीकडे बघितलं. मग दाढ सूर्याकडे फेकलीच, जोर लावून, काही न म्हणता. ती कुठे पडली ते दोघांनाही दिसलं नाही. मग सोंदुस बापाजवळ आली, उजेडाकडे तोंड करून उभी राहिली आणि जमेल तेवढा मोठा आ केला.

"मग माझे नीट बघ," ती म्हणाली.

मोसबाह खाली वाकला आणि एकेक दात मोजत बघायला लागला.